दगडाच्या आत

आबा, काल बेडश्याच्या आपल्या वावरात मी रडार फिरवलं. जमीन न उकरता खाली काय पुरलंय ते दाखवणारं यंत्र. एरवी मी त्याने रस्त्याखालचे पाइप शोधते, त्यावरच पोट चालतं. शेजाऱ्यांनी त्यांचं रान बंगलेवाल्याला विकलंय. उद्या बांधावरचा हद्दीचा दगड धरून भिंत घालायला माणसं येणार आहेत. हे कळल्यापासून आईला घास जात नाही. माझ्या आधीची, बारशाच्याही आधी गेलेली पोर तुम्ही त्याच बांधाला पुरलीत. आई बाळंतिणीच्या खाटेवर. तुम्ही परत येऊन एवढंच म्हणालात, "दगडाच्या आत हाय." जागा तुम्ही जाईपर्यंत कधी दाखवली नाहीत. ती भिंतीच्या आत राहील की बाहेर, एवढंच आईला हवंय.

या यंत्राला खालचं दिसतं, पण आपण कुठे उभे आहोत ते त्याला कळत नाही, ते आपणच सांगायचं. डोंगराच्या कुशीत, झाडांखाली उपग्रह नीट सापडेनात. मी जागची हलले नव्हते, तरी पडद्यावरचा माझा ठिपका शेजारच्या रानात जाऊन यायचा. मग यंत्राच्या चाकावर अंतर मोजलं. जाताना खड्ड्यासारखा एक आकार दिसला, येताना तो सरकलेला. पुन्हा गेले, पुन्हा सरकला. ओल्या गवतात चाक घसरतंय हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. बांधावर बसलेली आई म्हणाली, "लेकरू हाय. यका जागी कसं ऱ्हाईल?" आणि हसली. मला तिच्याकडे बघवेना.

तेव्हा तुम्ही आठवलात. लहानपणी खाचराचं माप घेताना मी दोरी म्हशीच्या हलत्या खुंटीला बांधली होती, तर केवढे ओरडलात. "हलत्या वस्तूपासनं माप घेती व्हय? दगड धर." काल दगड धरला. त्याच्यापासून खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि दोरीला धरून यंत्र ओढलं. आकार जागेवर थांबला, पण तो एकटा नव्हता. आपल्या वावरातून दगडाकडे बुजलेल्या खड्ड्यांची रांग, सगळे त्या दगडाच्याच बुडाएवढे. कुणी पावलं टाकत गेल्यासारखे. वरून धुकं उतरत होतं, आणि मी ज्या दगडाला दोऱ्या बांधल्या होत्या, तोच चालत आला होता.

गाव तुम्हाला बांध कोरून शेजाऱ्याचं रान खाणारा म्हणायचं. पहाटे पहार घेऊन बांधावर वाकलेले तुम्ही मलाही दिसायचात, आणि मला तुमची लाज वाटायची.

मी विचारलं, "आई, तिला नेली तवा धुकं व्हतं?"

"हातातलं लेकरू दिसत नव्हतं. तुज्या आबांना बांध कुटला दिसतोय?"

म्हणजे तुम्ही चुकून पलीकडे पुरलीत. पुरलेलं लेकरू पुन्हा उकरायचं नसतं. मग तुम्ही हद्दच तिच्याकडे नेलीत, थोडी थोडी, दर साली. शेवटचा खड्डा आणि दगड यांच्यामध्ये एक लांबट, लेकराएवढी बुजलेली जागा आहे. ती ओलांडल्यावर दगड पुढे सरकलेला नाही.

आई त्या गवतावर हात ठेवून बसली. "आत हाय न्हवं?" मी व्हय म्हटलं. घरी येऊन ती पोटभर जेवली.

हा कागद चुलीत जाईल, यंत्रातला नकाशा मी पुसलाय. उद्या माणसं विचारतील, दगड मूळचा इथलाच ना. आजवर मी कुणाला खोटं माप दिलेलं नाही. उद्या देणार आहे.