बादलीत बुडालेलं फुप्फुस

अण्णा,

आज सकाळी नातीनं पुस्तकातून मान वर काढून विचारलं, "आजी, पोटातलं बाळ श्वास कसं घेतं?" मी पोळ्या लाटत होते. "घेत नाही. त्याच्यासाठी आईच घेते, नाळेतून पोचवते," असं म्हणाले आणि लाटणं थांबलं. वाक्य तुमचं होतं. इतकी वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा ते मी माझं म्हणूनच वापरलं.

तुम्ही ते हर्सूलला सांगितलं होतं. छावणीतल्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर होता, जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची. सुटीच्या दिवशी कुणी बोलावलं की सायकलवर मला पुढं बसवून निघायचा. मी बारा वर्षांची असेन. एका म्हातारीची शेळी सकाळपासून अडली होती. दोन खुरं दिसत होती, पुढं काही सरकत नव्हतं. तुम्ही माझे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, गोडंतेल लावलं.

"पोटच्या लेकराला कशाला हात घालाय लावतो रे? तुला नाय जमत व्हय?" म्हातारी म्हणाली.

"माझा पंजा बघ आजी. हा आत घातला तर शेळी मला शिव्या देईल."

जमलेल्या बायका हसल्या. माझा हात आत गेला, आणि आत इतकं गरम असतं हे मला पहिल्यांदा कळलं. तुम्ही विचारताय, "पुढचा पाय का मागचा? खुरापासून वर जा. दोन्ही सांधे एकाच बाजूला वळले तर पुढचा." मी डोळे मिटून चाचपतेय. "दोन्ही पुढचे." "एकाच करडाचे का? एका पायावरून छातीपर्यंत जा, तिथून दुसऱ्या पायावर उतर." शेळीनं कळ दिली, मनगट आवळलं गेलं, मी अर्ध्यातून परतले. बायका बघत होत्या. "एकाचेच," मी म्हणाले. "नक्की?" "नक्की."

तुम्ही ओढलंत. बराच वेळ ओढलंत. मग थांबलात, एक पाय मागं ढकललात. ते दोन पाय दोन करडांचे होते. पहिलं करडू मेलेलं आलं. दुसऱ्याच्या नाकात तुम्ही काडी घातलीत, ते शिंकलं आणि ओरडू लागलं. म्हातारीला तुम्ही सांगितलंत, "माझा अंदाज चुकला, आजी." माझ्याकडं बघितलंही नाहीत.

मग गोठ्यामागं मला बोलावलंत. "रडू नको. बघ." मेलेल्या करडाची छाती उघडून फुप्फुसाचा तुकडा बादलीत टाकलात. तो सरळ तळाला गेला. आठच दिवसांपूर्वी घरी तुम्ही खाटकाकडचं फुप्फुस पाण्यात तरंगवून दाखवलं होतं. "श्वास घेतलेलं तरंगतं. हे बुडालं. म्हणजे हे आधीच गेलं होतं. तुझ्यामुळं नाय." माझं रडं थांबलं, आणि लगेच प्रश्न सुरू झाले. श्वास नाही तर ते आत जगतं कसं? तेव्हा तुम्ही ते वाक्य म्हणालात. परतीच्या वाटेवर सायकलच्या दांडीवर बसून मी विचारतच होते: फुप्फुसातलं पाणी कुठं जातं? पहिला श्वास घे, हे त्याला कोण सांगतं? "लई डोकं खाते पोरगी. शिक, अन् मलाच सांग," तुम्ही म्हणालात.

शिकले. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला कळलं की बुडालेलं फुप्फुस एवढंच सांगतं, की त्या जिवानं कधी श्वास घेतला नाही. तो केव्हा मेला, हे सांगत नाही. आपल्या ओढण्यात गेला असता तरी तुकडा तसाच तळाला गेला असता. तुम्हाला हे ठाऊक होतं का? अडलेल्या किती शेळ्या-म्हशी तुमच्या हातांनी सोडवल्या होत्या. ठाऊक असावं, असं एकदा वाटतं. मग वाटतं, तुमचा खरंच त्या बादलीवर विश्वास असेल. राग नाही मला, नुसतं कुतूहल आहे. आणि ते अजून जात नाही. त्या वर्षी तुम्ही रोज संध्याकाळी घरी असायचात, समोर बसून चहा प्यायचात. विचारणं अवघड नव्हतं.

विचारलं नाही, कारण तुम्ही उलट विचारलं असतंत, तुझ्या हाताला आत काय कळलं होतं? नातीच्या वहीतून फाडलेल्या या पानांवर, जी कुठंच जायची नाहीत, लिहून टाकते. आत पहिला पाय चिमटीत धरला, तेव्हा करडानं तो झटकन आखडून घेतला होता. तुम्ही मागं ढकललात तो दुसरा पाय; हा मेलेलं आलेल्या पहिल्या करडाचाच. तुम्ही बादली दाखवत होता तेव्हा मला हे ठाऊक होतं, अण्णा, आणि मी मान डोलावली.