डाव्या अंगठ्यासाठी कॉम्प्युटर

४ मार्च, आर्णी
स्वतःच्या हातानं केलेलं, आजपर्यंत: घराची सगळी वायरिंग. तीन कुलर, पत्रा कापण्यापासून. इन्व्हर्टर, अजून चालू. सौ.च्या शिलाई मशीनला मोटर. पंपाच्या मोटरी किती बांधल्या, मोजल्या नाहीत. शिकवलं कोणी नाही.
आज त्यात कॉम्प्युटर. डबा जुन्या कुलरच्या पत्र्याचा, कडा घासून गोल केल्या. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड नागपूरहून, वापरलेले. पॉवर सप्लाय नवाच घेतला, तिथं काटकसर नाही. पहिल्यांदा स्क्रीन आली नाही, रॅम पूर्ण बसली नव्हती. दुसऱ्यांदा आली.

६ मार्च
दिवाळीनंतर सौ.ला लकवा, डावी बाजू. पाय सुधारला. जीभ पहिल्या दिवसापासून शाबूत. हात राहिला, त्यातही अंगठा. कापड डाव्या हातानं धरायचं, तो धरत नाही, म्हणून शिलाई बंद.
फिजिओवाली ताई म्हणते पहिले सहा महिने कामाचे, पुढं कठीण. रबरी चेंडू दिला होता, तो सौ.नं खिडकीबाहेर टाकला. "मी का लहान पोट्टी आहो?"
संक्रांतीला भाचा पंकज आला, त्याचा हातात धरायचा गेम घेऊन. त्यावर तासभर ट्रक चालवत बसली. स्टिअरिंग डाव्या अंगठ्यावर! पंकज तो ठेवूनच गेला. आता तिला घाटाची मोठी गेम पाहिजे, ती त्या यंत्राला पेलत नाही. म्हणून गेम चालेल पुढच्या माझ्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, चित्र जाईल मागच्या खोलीत, तिच्या हातात.

९ मार्च
वायफायवर चित्र फाटतं. मधात पत्र्याची भिंत. राउटर तिच्या खोलीत नेला, दुकानापासून तिथपर्यंत केबल. हातभर कमी पडली. घरातला तुकडा जोडला: तारा सोलल्या, रंगाला रंग, पीळ, सोल्डरचा डाग, प्रत्येकीवर स्लीव्ह. कोणी ओढून पाहावा.

१० मार्च
पहिल्याच वळणावर ट्रक दरीत. परत. परत.
"अंगठा दाबला जी मी. मंग काहून वळत नाही?"
म्हटलं, नवीन आहे, सवय होईल.
थोड्या वेळानं, आपल्याशीच: "मलेच वाटते दाबला म्हणून. दाबल्या जात नसन."
गेम उशीखाली ठेवला.

१२ मार्च
हात लावत नाही. मी चित्राचा दर्जा कमी केला, फ्रेम कमी केल्या, ड्रायव्हर बदलला. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही. काहीच सुधारलं नाही.
पंकजचा फोन. "मामा, केबल एका तुकड्याची आहे न? मधात जोड?"
"जोड माझा आहे."
"मोटरचा जोड वेगळा, मामा. यात तारांच्या जोड्यांचा पीळ सोडला की सिग्नल अडखळते."
"तू पैदा नव्हता झाला तवापासून जोड मारून राह्यलो."
ठेवला फोन.

१४ मार्च
ताई येऊन गेली. अंगठा होता तिथंच. "काकू, करून नाही राह्यल्या का?" सौ. भिंतीकडे पाहत होती.
ताई गेल्यावर मला म्हणाली, "शिलाई मशीन देऊन टाका कोणाले. जागा अडते."
ती मोरीत गेली तेव्हा मी गेम घेतला. माझा डावा अंगठा धडधाकट. दाबला. ट्रक उशिरा वळला.
दरीत. तेच वळण.
मग कटर घेतला अन् जोड कापला.

१५ मार्च
यवतमाळला जाऊन अखंड केबल आणली. दुपारी टाकली. आधी स्वतः खेळून पाहिलं. बोट दाबलं की वळतो.
तिला सांगितलं, "तुझा अंगठा बरोबर होता. जोड माझा चुकला."
मग: "इतके दिवस मी रडली जी. अन् तुम्ही सेटिंग करून राह्यले."
पंकजला फोन करायचा आहे. केला नाही अजून.
चहा झाल्यावर म्हणाली, "लावा घाट."

२८ मार्च
उजवी वळणं सगळी निघतात. डावी नाही. डावीकडे अंगठा बाहेर ढकलावा लागतो, तेच होत नाही. प्रत्येक डाव्या वळणाला दरी, अन् प्रत्येक दरीला माझ्या खानदानाचा उद्धार. खेळते मात्र रोज. मशीनवरची चादर झटकली आज, स्वतः.

५ एप्रिल
सकाळी एक डावं वळण निघालं. मी पाहिलं. ती म्हणते चुकून. दुपारपर्यंत परत नाही. सहा महिने व्हायला थोडेच दिवस राहिले.
संध्याकाळी राऊत सर आले, बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासचे, पंख्याची मोटर न्यायला. आतून ट्रकचा हॉर्न ऐकला, डबा उघडून पाहिला. वायरी बांधल्यात त्या बोटानं मोजत होते. "पोराले पाहिजे. पन्नास देतो, आत्ता." मी मोटर पुसत होतो. "बरं, साठ."
आतून सौ.: "देऊन टाका जी! अन् येताना रबरी चेंडू आणा!"
लगेच ट्रक दरीत पडल्याचा आवाज. मग परत इंजिन चालू.
सरांना मोटर दिली, पंख्याचे पैसे घेतले. कॉम्प्युटर दिला नाही. साठ हजार देत होते, रोख.