जानेवारीच्या पानावरचा कावळा

मुकुंदवाडी, औरंगाबाद
ता. १९ जानेवारी १९९४

दादा,
सारजाचा नमस्कार. इकडं सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुण्यात तुझं बरंच असणार. नाव छापून आलंय.

शफीकभाईंच्या किराणा दुकानात बँकेचं कॅलेंडर लागलंय, 'पवित्र पैठण'. नाथांची समाधी, नागघाट, जुनी देवळं, सगळे फोटो तुझे. लई सुरेख. आणि जानेवारीला काय, तर आपल्या अण्णांचा दहावा! पानावर मांडलेले पिंड, मागं देवळाचा कळस, कठड्यावर कावळा अन् हात जोडून उभी आपली आई. खाली छापलंय, 'श्रद्धेचा घाट'. अरे, लाज कशी वाटली नाही तुला?

विसरला असशील तर सांगते. त्या दिवशी कावळा शिवेना. मी म्हणाले, "अण्णा, आईला मी सांभाळीन." आपला धाकटा सांडू म्हणाला, "अण्णा, शेत विकणार नाय." कावळा कठड्यावरून हलंना. गुरुजी म्हणाले, "आता थोरल्यानं बोलावं."

अण्णांचा जीव कशात अडकलाय ते आख्ख्या घाटाला ठाऊक होतं. किती वर्षं तू घरचा उंबरा ओलांडला नव्हतास. एवढंच म्हणायचं होतं, 'अण्णा, मी घरी येत जाईन.' आणि तू डोळ्याला कॅमेरा लावून काय म्हणालास? "एक मिनिट, कुणी हलू नका." वर आणखी पुढं सरकलास. कावळा उडाला तो उडालाच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मी दुकानात जाऊन तणतणले. शफीकभाईंनी बिचाऱ्यांनी कॅलेंडर लगेच उतरवलं. म्हणाले, "बाजी, मेरेकू मालूम नै था, अम्मा हैं बोलके." मी पान टराटरा फाडणार होते, तर आईनं मागून घेतलं. आता ते तिच्या खाटेसमोर भिंतीवर आहे. येईल त्याला दाखवते, "माझ्या लेकानं काढलाय." तिच्या तोंडून तुला एक शिवी निघत नाही, म्हणून माझं डोकं जास्त फिरतं.

सगळं बरं आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. आईनं अंथरूण धरलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. हे तुला कळवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण काल मला जवळ बसवून म्हणाली, "सारजे, माझ्या दहाव्याला त्याला फोटो काढू द्या. अडवू नका. त्या निमित्तानं तरी येईल."

ऐकलंस? मी अडवणार. तिच्या दहाव्याला कॅमेरा घेऊन घाटावर दिसलास, तर तो कॅमेरा गंगेत फेकीन. यायचं तर आत्ता ये, ती डोळे उघडून दाराकडं बघतीये तोवर. रिकाम्या हातानं ये. अण्णांना बोलला नाहीस ते तिला बोल. तिला अजून ऐकू येतंय.

अजून तरी तुझी बहीण,
सारजा