न जेवता गेलेल्यांचे पत्रे

९ फेब्रुवारी, काटेवाडी
दिलावरभाई आणि रशीदा माझ्या गोठ्यात राहायला आले त्याला आज महिना. गाई दिराच्या गोठ्यात. दीर सकाळीच दारात. "वैनी, पाव्हणं किती दिसाचं?" म्हटलं, भावजी, ज्यांनी त्यांचं मोटारी भरायचं दुकान जाळलं त्यांना विचारा. गेले पाय आपटत. दुपारी त्यांचीच विहिरीवरची मोटार जळाली, दि.भाईंनी आतली जळकी तार काढून नवी भरून दिली. संध्याकाळी चहा पाठवला.
दि.भाईंच्या गावाचं नाव इथं लिहायचं नाही. रशीदा म्हणते, "गाव वाईट न्हाय अक्का, त्या दिवशी वाईट वागलं." मला तिच्याएवढं मोठं मन नाही. कुणाच्या पोराच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून भांडण, आणि जळलं कुणाचं? ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन, त्याचं दुकान. त्याच छपराखाली राहतं घर. भिंती उरल्या, छप्पर गेलं.

१४ फेब्रु.
आज कमाल! त्यांच्या गावचा बापू आला, दि.भाईंचा भिंतीला भिंत शेजारी. पिकअपमध्ये पोत्याखाली झाकलेली मोटार. तिकडं मोटारी भरणारा दुसरा कोणी नाही, ऊस वाळायला लागलाय. रशीदाकडं बघेना. दि.भाई लगेच मोटार उचलायला वाकले. मी आडवी झाले.
"अक्का, उसाचा काय गुन्हा?" दि.भाई म्हणाले.
मी काही बोलायच्या आत रशीदा बाहेर आली. "आन् माझ्या छपराचा काय गुन्हा व्हता? मोटार आमच्या दुकानात भरू. दुकानावर छप्पर घाला, मग आणा."
मोटार आली तशी परत. नंतर दि.भाई जेवले नाहीत. मला मात्र चार घास जास्त गेले. खरं तेच लिहिते.

२० फेब्रु.
त्यांच्या गावचे तात्या, सगळ्यात वयस्कर, यांचा फोन. बापूसारखे बरेच आहेत म्हणे, मोटारी पडून. "इर्जिक करू." नांगरटीला गावानं औतं घेऊन यायचं, राबायचं, ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं, ती इर्जिक. छपराची इर्जिक मी तरी ऐकली नव्हती. पत्रे बारामतीची एक संस्था देतेय. मी म्हटलं, मटण करू, दणक्यात.
रशीदा: "न्हाय. माळकरी हायती गावात. नको म्हणायला एक कारण घावंल त्यांना. डाळ, वांगं, भाकरी."
कालपासून तिचा रोजा. तरी स्वतःच करणार. हट्टी बाई. (माझ्या तोंडी हा शब्द शोभत नाही, माहिती आहे.)

१ मार्च, रविवार
राग अजून उतरला नाही. तरी लिहिते.
पहाटेच त्यांच्या गावी गेलो. अंगणात चुली मांडल्या. रशीदा भाकरी थापत होती, मीठ चाखायला मी, कारण तिचा उपास. कोण येतंय की नाही, जीव टांगणीला. आले. दोन ट्रॉल्या भरून! बापूही. अँगल उभे केले, पत्रे चढले, दि.भाई खालून सगळ्यांना स्क्रू देत होते, चेहरा कितीतरी दिवसांनी हलका. मला वाटलं, झालं, जिंकलो.
जेवायला हाक मारली. बापू हात पुसत म्हणाला, "आमी घरनं भाकरी आणल्यात भाभी. तुमचा रोजा, कशाला तरास." त्याच्यामागं आणखी काही जण तसेच.
मी तोंड उघडणार तेवढ्यात रशीदानं पळी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "न जेवता जायचं आसंल तर तुमी मारलेलं पत्रं काढून घिऊन जावा. ही इर्जिक हाय. भीक न्हाय."
मग तात्या धोतर सावरत मातीतच बसले. "वाढ पोरी. वांगं जरा जास्त." त्यांच्या शेजारी एक, मग दुसरा. निम्म्याच्या वर पंगत बसली. बाकीचे मोबाइल बघत बघत निघून गेले. बापूही.
पंगत उठल्यावर दि.भाईंनी शिडी लावली. उसाचा काय गुन्हा म्हणणारा माणूस! गेलेल्यांनी मारलेले पत्रे एकेक काढले, रस्त्याच्या कडेला रचून ठेवले. बापूच्या भिंतीकडची बाजू उघडी राहिली. तात्यासुद्धा म्हणाले, राहू दे रं. ऐकलं नाही.

२ मार्च
ते तिथंच राहिलेत. सकाळी रशीदाला फोन केला, या परत, उघड्यावर कसं निजता.
"आभाळ दिसतंय तर दिसू दे अक्का. घर आमचंच हाय."
जेवून गेलेल्यांच्या मोटारी सकाळपासून दारात. दि.भाईंना मान वर करायला फुरसत नाही. दुपारी तिचाच फोन, आवाज एकदम हळू. बापू आलाय, पिकअपमध्ये मोटार. ती दारातूनच म्हणाली त्याला, "पत्रं थितंच हायती. आदी चढव, मग जेव, मग मोटार."
"मग?"
"उभाय."
"चढवंल का गं?"
"काय ठावं. जाळलं तवाबी आसाच उभा व्हता, सवताच्या दारात." मग म्हणाली, "पर आज आमच्या दारात हाय. भाकरी ठिवलीय झाकून."
संध्याकाळ झाली. अजून फोन नाही. मी करणार नाही.