विजेच्या बाजाची ढिली दांडी

११ फेब्रुवारी १९४६, अमरावती

दांडी पुन्हा हातात आली! आज तिसऱ्यांदा. गिटार मांडीवर, दांडी मुठीत, आणि समोर खुशालराव उभे!

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नाही. खुशालरावांच्या ब्यांड पार्टीत मी झांजा वाजवतो. वाजवतो म्हणजे बाकीच्यांच्या मागून आदळतो. काल त्यांनी मला बडनेऱ्याला पाठवलं. शेंदूरजनाघाटहून आलेल्या संत्र्यांच्या दोन टोपल्या त्यांच्या व्याह्याच्या नावाने भुसावळच्या गाडीत चढवायच्या, एवढंच काम. पण फलाटावर गोऱ्या सोल्जरांची गाडी उभी. लढाई संपली, घरी चाललेत. एक लाल नाकाचा गोरा डब्याच्या दारात बसून हे वाजवत होता. तारा छेडायचा आणि तळव्याने एक लोखंडी दांडी दाबायचा. दांडी दाबली की सूर लोळत खाली जातो, सोडली की उठून उभा राहतो! मी टोपल्या विसरलो.

तेवढ्यात दांडी निसटून रुळात पडली. गोऱ्याने कपाळावर हात मारला. रोजचंच असावं. मी उतरून आणून दिली. त्याने संत्र्यांकडे बोट दाखवलं, मी गिटारीकडे. दोघंही हसलो. गाडीने शिटी दिली!

खुशालराव म्हणाले, "माह्या व्याह्याची संत्री देऊन हे काय आणलं बे? लंगडं?"

म्हटलं, दादा, ही विजेवर वाजते. गोऱ्याने वायरही दिली, ती लाऊडस्पीकरवाल्याच्या मशीनला जोडायची. अख्ख्या वऱ्हाडात कोणाजवळ नाही. (अख्खं वऱ्हाड मी कधी पाहिलं? पण तोंडात आलं ते बोललो.)

त्यांनी वायर ओढून पाहिली. मग म्हणाले, "एकवीस तारखेले अकोल्याले भगवंतरावाच्या पोरीचं लगन हाय. तिथं हे वाजलं तं तू पार्टीत पक्का, झांजा सुटल्या तुह्या. नाई वाजलं तं अंजनगावच्या मोटारीत बसवतो. जाय घरी, वांगे विक."

वांग्यांशी माझं वैर नाही. पण आमच्या मळ्यात रोज त्याच बांधावर त्याच बापाच्या त्याच शिव्या! दिवाळीत पळालो तो काय परत जायला?

दहा दिवस आहेत. दांडी बसली पाहिजे.

१२ फेब्रुवारी

दांडी बसवून घ्यायला सकाळीच निघालो. वाटेत आखाडा लागला. एका तेल्याच्या पोराची आणि एका हत्तीएवढ्या पैलवानाची जोड होती. पोरगं जिंकलं! मी नाचलो. खोलीवर येऊन बघतो तर दांडी नाही.

१३ फेब्रुवारी

सापडली. हरलेला पैलवान तिने पाठ खाजवत बसला होता. सोडायला तयार नव्हता — "लई मस्त हाय रे, कोठून आणली?"

१५ फेब्रुवारी

कापसाच्या जिनात गेलो. जानराव फिटरची कीर्ती ऐकली होती. सरकी आणि कापूस वेगळा करणारी ती यंत्रं त्यांच्या हाताखाली तीस वर्षं धडधडतात. सगळीकडे रुई उडते, जानरावांच्या भुवया म्हाताऱ्या झाल्यासारख्या पांढऱ्या.

त्यांनी गिटार उलटी केली, हलवली. दांडी खुळखुळली.

"ढिली हाय."

म्हटलं, हो. म्हणूनच आणली.

"आटे झिजले. काई नाई, एका घंट्यात देतो."

त्यांनी दांडीच्या आट्यांवर सुताचा धागा गुंडाळला, वर सफेदा फासला — नळ गळू नये म्हणून लावतात तो — आणि हातभर लांब पान्हा लावून अशी आवळली की माझेच दात दुखले. मी म्हटलं, काका, थोडी हालली तर चालते बहुतेक. त्यांनी डावा पंजा माझ्या नाकासमोर धरला. दोन बोटं नाहीत.

"जिनात जे हालते ते मोडते. अन् मोडते ते कोणाचं तरी काही घेऊन जाते. समजलं?"

समजलं. गिटार उचलली आणि निघालो.

१६ फेब्रुवारी

दांडी हालत नाही. मी लटकलो तरी हालत नाही. तारा वाजतात, पण सूर जागचा हालत नाही, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखा. दांडी हालत नाही तर हा साधा तंबोरा झाला. नुसत्या तंबोऱ्याला कोण विचारतो?

खुशालरावांनी विचारलं, "झालं का बे काम, गोवर्धन?"

म्हटलं, पक्कं झालं दादा. पाहा, हालत पण नाही!

खूश झाले. पाठीवर थाप मारली. मला जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज नशीब रस्त्यावर पाणी प्यायला थांबलं!

बडनेऱ्याच्या रस्त्याला नत्थुजी सुतार बैलगाडीची चाकं करतात. साठीचे, कानात पेन्सिल, एक डोळा मिटून बघायची सवय. माणसाकडेही तसंच बघतात, वाकडा आहे की सरळ. त्यांच्या खुंटीवर चौंडकं टांगलं होतं. देवीच्या गोंधळात वाजवतात. लाकडी डबा, बुडाला कातडं, मधून एक तार. एका हाताने तार ताणायची नि ढिली सोडायची, दुसऱ्याने छेडायची. टुंऽऊंग! मी पाणी राहू दिलं आणि तेच वाजवायला लागलो.

"ठेव ते. तुह्या बगलेत काय हाय?"

दाखवलं. गोरा काय करत होता तेही तोंडाने वाजवून दाखवलं. नत्थुजींनी दांडी दाबून पाहिली.

"हे कोण्या गाढवानं आवळलं?"

"जिनातल्या जानरावांनी."

"तरीच! त्याले फिराचं ठाऊकच नाई, त्याले फक्त थांबाचं ठाऊक." मग एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. "अरे, हे तं चौंडकंच हाय ना बाप्पा! आपण हातानं ताणतो, हे दांडीनं ताणते. गोऱ्याले एवढं समजते?"

आतून त्यांच्या बायकोचा, मनकर्णाबाईचा आवाज आला — "तिकडं दोन गाड्या चाकाशिवाय पडल्या, अन् हे पोट्ट्यासोबत खेळून राहिले!"

नत्थुजी हळूच म्हणाले, "उद्या ये. बायको देवळात जाते तवा."

१९ फेब्रुवारी

झाली! गिटारीला ओलं पोतं गुंडाळलं, फक्त दांडीचं बूड उघडं ठेवलं. त्यावर तापवलेली सळई टेकवली. सफेदा सुटला. मग नत्थुजींनी रात्रभर एरंडीच्या तेलात भिजवलेल्या, जुन्या मोटेच्या कातड्याची चकती कापली आणि दांडीच्या खाली बसवली. घट्ट, पण दगड नाही.

"चाक आखावर फिरलं पाहिजे, पण आखातून निसटलं नाई पाहिजे. एवढंच शास्तर हाय. बाकी सारी कारागिरी अन् बायकोच्या शिव्या."

दांडी दाबली. सूर लोळला. सोडली. उठून उभा! खुळखुळ बंद! मी नत्थुजींना मिठी मारली, कानातली पेन्सिल खाली पडली. ते म्हणाले, चाकावर जरा हात चालवतोस का? ते गिटार घेऊन बसले, आणि मी संध्याकाळपर्यंत आरे तासत बसलो. वेळ कसा गेला कळलं नाही. विचित्रच.

२० फेब्रुवारी

नत्थुजी अकोल्याला सोबत येणार म्हणतात! तेलाचा बांबूचा नळा घेऊन. "गाडी गावाले जाते तं तेलाचा नळा सोबत जाते. कातडं कोरडं पडलं तं?" मनकर्णाबाईंना मीच सांगितलं, एक दिवसाचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला सोडूनच पळालो.

२१ फेब्रुवारी, अकोला

सगळं एका दमात लिहून टाकतो.

मांडवात लाऊडस्पीकर. वायर जोडली. भगवंतराव पागोटं सावरून पुढे बसले. त्यांनी सगळ्या वऱ्हाडींना सांगून ठेवलं होतं, विजेचा बाजा येऊन राहिला. मी वरातीची चाल सुरू केली. दांडी झकास! पण माझी बोटं? बोटं झांजेची. भोंग्यातून असा आवाज निघाला की नवऱ्या मुलाचा घोडा दोन पावलं मागे सरला. मागून कोणी तरी ओरडलं — "मांजरीचं शेपूट सोड रे!" सारा मांडव हसला. खुशालरावांचे डोळे... लिहीत नाही.

नत्थुजी नळा घेऊन पुढे आले. म्हणाले, कातडं पाहतो. गिटार मांडीवर घेतली, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि नुसती जाड तार छेडून दांडी दाबली. तपासायलाच. टुंऽऊंग. पुन्हा. मग हात थांबेना! एकच तार आणि दांडी. सारा गोंधळ त्या भोंग्यातून. टुंऽऊंग, टुंऽऊंग! हसणं थांबलं. बायकांच्या बाजूला नवरीची आजी मैनाबाई, आधी मान हालायला लागली, मग केस सुटले, आणि अंगात आलं! कोणी हळद आण, कोणी कुंकू आण. गिटारीला हळदकुंकू, लाऊडस्पीकरच्या भोंग्याला हळदकुंकू, दांडीला हळदकुंकू! भगवंतराव भोंग्यासमोर पागोटं काढून उभे. मुहूर्त टळतो म्हणून भटजी ओरडतात, कोणी ऐकत नाही!

मुहूर्त गाठला कसाबसा. जेवताना चार गावचे लोक खुशालरावांना घेरून होते. "आमच्या इथं बी हेच पाहिजे."

२२ फेब्रुवारी

परतीच्या गाडीत खुशालरावांना म्हटलं, दादा, वाजलं ना? मी पार्टीत पक्का ना?

"वाजलं. पण तुह्यानं नाई वाजलं."

बरोबर आहे. नत्थुजी खिडकीबाहेर पाहत होते. आयुष्यात बडनेऱ्याच्या पलीकडे गेले नव्हते म्हणे. खुशालरावांनी त्यांनाच पक्कं केलं; आता पार्टीसोबत खामगाव, मलकापूर, बऱ्हाणपूर. एक डोळा मिटून साऱ्या दुनियेचा वाकडेपणा बघणार!

२४ फेब्रुवारी, अमरावती

मनकर्णाबाई ब्यांडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लाकूड तासायचा वाकस.

"माह्या घरचा माणूस नेला तुमी. दोन गाड्या पडून हायेत. मले माणूस द्या."

खुशालरावांनी मान न वळवता माझ्याकडे बोट केलं. "हा घ्या. चार दिवसांत पळन तो."

मीही तेच म्हटलं मनात. फार तर तीन.

९ मार्च

आज आरा मोडला. मनकर्णाबाईंनी मोडलेला तुकडा फेकून मारला. नेम चांगला आहे. दुपारी बेसन-भाकर दिली. शिव्याही दिल्या, पण बापासारख्या नाहीत. रोज नव्या.

१७ मार्च

पहिलं चाक उभं केलं. सरळ उभं राहिलं! गाडीवाला घेऊन गेला. फाट्यापर्यंत मी मागे मागे पळत गेलो, निघतं की काय म्हणून. नाही निघालं. परत येताना सगळ्या गाड्यांची चाकं बघत आलो. अर्धी वाकडी आहेत.

६ एप्रिल

खुशालरावांचं कार्ड आलं — दुसरा बाजा मिळाला, नत्थुजी शिकवन, तुही जागा पक्की, आल्या गाडीनं निंग, दुकानाले दुसरा माणूस पाहू. मनकर्णाबाईंना वाचता येत नाही. म्हणाल्या, वाच. मी वाचलं — "नत्थुजी मजेत. गोवर्धनला तिथंच ठेवा. येऊ देऊ नका."

त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं. "एवढ्या मोठ्या कार्डात एवढंच लिवलं?"

म्हटलं, दादांचं अक्षर लई मोठं हाय, काकी.