स्वेटरसाठी हिचं माप

ती. अक्कांना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल, साडूसाहेबांचा गुडघा आता जिन्यावर कुरकुरत नसेल आणि गॅलरीतल्या कुंड्यांना वेळेवर पाणी मिळत असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. (सकाळी उकडलेलं अंडं, संध्याकाळी उकडलेलं अंडं. दुसरं काही उकडायला अजून जमलेलं नाही.) तुमची धाकटी बहीण गेल्या आठवड्यात एक बॅग घेऊन तुमच्याकडे आली आहे. तिने येण्याचं काही कारण सांगितलं असेल, तर ते खरं नाही. सांगितलं नसेल, तर तुम्ही स्वतः जो अंदाज बांधला असेल तोही खरा नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. चहा घेऊन बसावं.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या घरात जे काही उघडं दिसेल त्यावर ही भरतकाम करते. उशा आणि पडदे तर झालेच, पण टेलिफोनवर विणलेलं आवरण आहे आणि त्या आवरणावर धूळ बसू नये म्हणून वर दुसरं आहे. माझ्या प्रत्येक रुमालावर माझी आद्याक्षरं आहेत. त्यामुळे ऑफिसात कुठेही मळका रुमाल सापडला की शिपाई तो माझ्याच टेबलावर आणून टाकतो. सून घरात आली तेव्हा तिला शाल झाली, नात व्हायच्या आधी मोजे आणि टोप्या झाल्या, तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो टेबलक्लॉथ झाला. (त्याच्या कडेची द्राक्षं पुरी होईपर्यंत आमचं टेबल अडलेलं होतं आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवत होतो. हे तेव्हा बोललो नाही.) सगळ्यांना झालं. स्वतः मात्र ती अजून तोच तपकिरी स्वेटर घालते. तो इतक्या वेळा रफू झालाय, की मूळ स्वेटर आता फक्त पाठीकडे उरला आहे. विचारलं तर म्हणते, "करीन की. आधी हे संपू दे." हातातलं 'हे' संपलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

येत्या महिन्यात ती पंचावन्न वर्षांची होईल. म्हणून मी ठरवलं, या वेळी तिचा स्वेटर आपण विणायचा. गुपचूप. (हसू नका. साडूसाहेबांना वाचून दाखवत असाल तर त्यांनाही हसू देऊ नका.) माझा विचार असा, की मी वजन-मापं खात्यातला निरीक्षक. सगळी नोकरी दुकानदारांच्या मीटरपट्ट्या आणि तराजू तपासण्यात गेली. केसाएवढा फरक ज्याच्या डोळ्याला खुपतो, त्याला टाके मोजणं काय जड? डोळ्यांच्या बाबतीत हे बरोबर होतं. हातांना कुणी विचारलं नव्हतं.

इथे लोकरीचं दुकान एकच. ते चालवणाऱ्या बाई मागच्या खोलीत विणकाम शिकवतात. ही तिथली जुनी गिऱ्हाईक, पण ती जाते मंगळवारी, म्हणून मी शनिवारी जायला लागलो. बाई कमी बोलतात आणि जास्त उसवतात. माझा पहिला तुकडा त्यांनी खिडकीशी धरला, त्यातून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली आणि उसवला. दुसरा सुरुवातीला हातभर रुंद होता, शेवटी बोटभर उरला. तोही उसवला. पुढच्या खेपेला मात्र त्या नुसतं "हं" म्हणाल्या. अक्का, माझ्या बढतीचा हुकूम आला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी विणायची सोय नव्हती, म्हणून ऑफिसातल्या तपासणीच्या खोलीत, जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या मागे स्टूल टाकून, दार लावून बसायचो. एकदा बाहेरून साहेबांनी विचारलं, "आत काय टिकटिकतंय?"

"एका कामात चूक सापडलीय साहेब, शोधतोय," मी म्हणालो. (यात खोटं काही नव्हतं. एक टाका सुटला होता.) साहेबांना माझ्या निष्ठेचं कौतुक वाटलं असावं, कारण ते ती निष्ठा बघायला आत आले. माझ्या मांडीवर विटकरी रंगाची अख्खी पाठ पसरलेली होती. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, पुन्हा दिसलं तर वर कळवावं लागेल. (हे मी शनिवारी बाईंना सांगितलं.)

आता मुख्य गोष्ट. पाठ मी अंदाजाने विणली, पण पुढच्या भागाला नक्की माप हवं होतं. हिचा स्वेटर मोजावा तर तो सदैव हिच्या अंगावर. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुमच्या मिसेस माझ्याच बांध्याच्या आहेत. घ्या माझं माप." मी खात्याची शिक्का मारलेली पोलादी टेप काढली आणि त्यांच्याभोवती फिरवली. चष्मा गल्ल्यावर राहिला होता, त्यामुळे आकडा वाचायला मला फार जवळ जावं लागलं. त्याच क्षणी दाराची घंटा वाजली. वार शनिवार, आणि दारात ही.

तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे द्या." बाई गुंडे काढायला फळीकडे निघाल्या. टेपचं टोक त्यांच्या बटणात अडकलेलं होतं. त्यामुळे मलाही फळीपर्यंत जावं लागलं आणि तिथून परतही यावं लागलं. गुंडे घेऊन ही निघून गेली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तपासणी होती वाटतं?"

"हो. टेपची."

"मग, मापं बरोबर भरली?"

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण नोकरीची सवय वाईट. "थोडी जास्त भरली," मी म्हणालो.

संध्याकाळी तिने बॅग भरली. "अक्काकडे जाते," एवढंच म्हणाली. खरं सांगावं तर भेटीतली गंमत गेली, न सांगावं तर बायको गेली. मी बॅग उचलली आणि स्टँडवर नेऊन तिला गाडीत बसवून दिलं.

तेव्हापासून मी हिच्या खुर्चीत बसून विणतो, कारण उजेड तिथे चांगला आहे. तिथून समोर माझी खुर्ची दिसते. पेपर तोंडावर घेऊन झोपलेला मी इतकी वर्षं तिला तिथून दिसत आलो असणार. दृश्य फारसं बरं नसावं. तिने तरी जागा कधी बदलली नाही, याचा मी हल्ली बराच विचार करतो.

तर अक्का, तिला स्वेटरचं सांगू नका. पण माणूस सरळ आहे, एवढं तुमच्या पद्धतीने तिच्या कानावर घाला आणि तिला शक्य तितक्या लवकर पाठवून द्या.

आपला नम्र,
मेहुणा

ता. क. पत्र टाकायला निघालो होतो, वाटेत लोकर कमी पडली म्हणून दुकानात शिरलो. बाईंनी गल्ल्याखालून त्याच रंगाचे गुंडे काढले. म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी केव्हाच बाजूला ठेवायला सांगितलेत. यांना कमी पडणार म्हणाल्या." मी स्टुलावर बसलो. मी पहिल्यांदा दुकानात गेलो त्याच संध्याकाळी हिला कळलं होतं, असं बाई म्हणाल्या. मग घर सोडून का गेली? "घरात त्या असताना तुम्हाला विणता येईना, आणि ऑफिसात विणून नोकरी जायची वेळ आली, म्हणून." आणि त्या शनिवारी? "बाहेर जाऊन खांबाला धरून हसत होत्या."

आणखी एक ता. क. म्हणजे तुम्हालाही सगळं ठाऊक असणार, आणि वरचं सगळं तुम्ही दोघींनी मिळूनच वाचलं असणार. वाचलं ते वाचलं. आता वरची विनंती रद्द समजावी. पाठ झाली, पुढचा भाग झाला, गळाही झाला (डोकं आत जातं), पण बाही एकच झाली आहे. तरी हिला अजून थोडे दिवस तिकडेच ठेवून घ्यावं, ही नवी विनंती.

मात्र ती आपणहून निघते म्हणाली, तर अडवू नका. एका बाहीचा स्वेटरही अंगात घालता येतो.