भागाबाईचे डाग

१० जानेवारी २००५
पिठाच्या गिरणीचा फ्लेक्स पुण्याहून छापून आला. 'येथे दळण' च्या जागी कंस, टिंबं आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. अक्षरं कर्व्ह करायला, म्हणजे त्यांचं चित्र करून टाकायला, विसरलो. त्यांच्या मशीनवर आपला मराठी फाँट नाही, मग मशीन तरी काय करणार? वीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवल्या, महाडात एका वेलांटीची तक्रार नाही, आणि म्हातारपणी हे शिकणं.
संगणकाच्या वर भिंतीला कागद चिकटवला. अक्षरं कर्व्ह करणे. फोटो ३०० डीपीआय. फ्लेक्सला रंग सीएमवायके. मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवणे.
विद्या चहा घेऊन आली, कागद पाहून म्हणाली, लिहिलंत ते वाचतही जा. बायकोच ती.

१२ जाने.
कुडपणहून कोंडीबाबा आले. डोंगर उतरून, पोलादपूरला एसटी धरून. त्यांची बायको भागाबाई गेली त्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्ध २ फेब्रुवारीला, तेव्हा भिंतीवर मोठा फोटो हवा.
आणलेला फोटो पत्त्याएवढा. कधीतरी जत्रेत काढलेला, जन्मातला एकच. चुलीचा धूर, पावसाळ्याची ओल. फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसलाय. काचेसकट स्कॅन केला, १२०० डीपीआयवर. लहान फोटो मोठा करायचा तर सुरुवातीलाच दाणा भरपूर घ्यावा लागतो.
बाबा स्कॅनरची उजेडाची पट्टी सरकताना बघत राहिले. निघताना म्हणाले, "डाग तेवढं नीट बघ रे."
म्हटलं, बाबा, काळजी सोडा. तेच तर माझं काम.

१४ जाने.
संक्रांत. विद्याचं हळदीकुंकू, घरात बसायला जागा नाही, म्हणून मी दुकानातच.
भागाबाईचा चेहरा दिवसभर. बुरशीचे ठिपके, धुराचे पिवळे, काही बारीक काळे. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे. एकेक क्लिक करून शेजारची कातडी त्यावर आणायची. घाई केली तर चेहरा मेणाचा होतो. मी घाई केली नाही. गळ्यात काळी पोत सोडली तर बाईच्या अंगावर दागिना म्हणून काही नाही.
भारनियमन. तीनदा लाइट गेली. हाताला सवय लागलीय, दोन मिनिटांनी सेव्ह. आज काम वाया गेलं नाही.
संध्याकाळी पाहिलं. स्वच्छ. एक डाग नाही. बरं वाटलं.

१५ जाने.
काचेच्या चमकेने उजवा खांदा पांढरा आलाय. म्हटलं, फोटो सोडवून पुन्हा स्कॅन करू, चांगलं करायचं तर पुरतंच. थाळीत पाण्यात ठेवला. सुटला, पण ओठांखालचा सगळा थर काचेवरच राहिला. वरचाही बराचसा.
मग आठवलं, संगणकात आहे की. खांदा हाताने भरला. काच घासूनपुसून ठेवली, फ्रेम परत द्यायची म्हणून.
फाइल टिफ करून सीडीवर. पुण्याच्या गाडीने लॅबला दिली.

२० जाने.
प्रिंट आली. बारा बाय अठरा, मॅट. रंग नेमके. इतकं चांगलं काम या दुकानातून आजवर गेलं नाही. विद्याही उभी राहून बघत होती.

२१ जाने.
कोंडीबाबा आले. प्रिंट दोन्ही हातांनी धरली. दाराशी उजेडात नेली. परत आत आणली.
"डाग कुठं हायत?"
मी हसत सांगितलं, सगळे काढले. मूर्ख.
त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं, कागदाच्या नव्हे, स्वतःच्या. म्हणाले, "गोंदलेलं व्हतं. तिला सोन्याचा डाग मी कधी केला नाय. तेवढंच डाग तिचं."
मग सावकाश सांगितलं. माणूस गेलं की अंगावरचे डाग उतरवून घेतात. गोंदण कुणाला उतरवता येत नाही, ते संगती जातं. म्हणून भागाबाई म्हणायची, माझंच खरं सोनं.
माझ्या आईलाही दागिन्याला डागच म्हणताना ऐकलंय. पन्नास वर्षांचा घोडा मी, आणि डाग म्हटल्यावर मला बुरशी सुचली.
मूळ फोटोचंही सांगून टाकलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं.

२२ जाने.
शोधलं. रीसायकल बिन, जुन्या सीड्या, सगळं. पहिल्या स्कॅनवरच सेव्ह करत गेलो, दर दोन मिनिटांनी. काचेवर थर होता, तीही मीच पुसली. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरात, मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवणे. कागद काढावासा वाटला. राहू दिला.
जेवलो नाही. विद्याने ताट झाकून ठेवलं.

२५ जाने.
बाबा लेकीला घेऊन आले, सखूबाई, वरंधला दिलेली. म्हटलं, सांगाल तसं पुन्हा काढून देतो. हनुवटी पडदाभर मोठी केली.
बाबा म्हणाले, तीन. सखूबाई म्हणाली, एकच, आणि बारीक.
"मी तिच्या मांडीवर वाढले, बा."
"आन मी काय परका व्हतो, गो?"
मग डावीकडे की मधे, यावर. बाबा स्वतःच्या हनुवटीवर दाखवत होते, ते तिच्या कुठल्या बाजूला, हे त्यांनाच उमगेना. दोघंही थांबले. चाळीस वर्षं पाहिलेल्या तोंडावरचं, आणि वर्षभरात असं पुसलेलं.
मी माझा जुना बारीक ब्रश काढला, काळा रंग दिला, म्हटलं, या प्रिंटवर तुम्हीच ठेवा, बाबा, मी त्यावरून फाइल करीन. त्यांनी ब्रश धरला, कागदाजवळ नेला. मग परत दिला. हात थरथरतो म्हणाले. हात थरथरत नव्हता.
मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, "आमी रोज बघत व्हतो, कोन मोजतंय. तू एकेक करून काढलंस ना? मग तुलाच ठाव. किती व्हतं?"
मी पडद्यावर हनुवटी आणखी मोठी केली.
तू लाव, आठवेल तसं, म्हणाले आणि गाडी गाठायला गेले.

२८ जाने.
तीन दिवस आठवतोय. हनुवटीवर क्लिक केलेलं आठवतं. किती वेळा, ते नाही. त्यातले बुरशीचे किती आणि तिचे किती, तेही नाही. एवढ्या जवळून तिला कुणी पाहिलं नसेल, आणि मी काय पाहिलं?
तीन लावले, बाबांच्या शब्दावर. काढले. एक लावला. तोही बुरशीसारखा दिसला.
पहिल्यांदा नियमाने, मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवली.

२९ जाने.
उद्या सकाळची पुण्याची गाडी चुकली तर २ तारखेला फोटो पोचत नाही. फाइल तयार. ३०० डीपीआय, टिफ, रंग बरोबर, खांदाही छान भरलाय. हनुवटी कोरी.
माउस हातात धरून बसलोय. बोटाला आठवलं तर.